हलकं पान

गुन्हेगारी बघणाऱ्या वार्ताहराला लोक टरकून असतात, राजकारण बघणाऱ्याला चहा पाजतात आणि नाटक-सिनेमा बघणाऱ्याकडे पास मागतात. मी तिसऱ्या वर्गातली. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मी पत्रकार असल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. नेमकं काय करते, तर 'त्या नटनट्यांना भेटतात' इथवरच. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाने कधी ना कधी विचारलंय, "ताई, कालिदासला रविवारी नाटक आहे, दोन पास होतील का?" होत नाहीत. पासाच्या बाबतीत मराठी निर्माते भलते चिवट असतात, आणि ज्याला रविवारच्या एका प्रयोगावर पुढच्या दौऱ्याचा बसखर्च काढायचा आहे त्याने चिवटच असावं.

आमच्या कचेरीत या कामाला 'हलकं पान' म्हणायचे. पहिलं पान जड, अग्रलेखाचं जड, बाजारभावाचंसुद्धा जड. नाटक, सिनेमा, गाणं, चित्रप्रदर्शन, टीव्ही हे सगळं हलकं. आयत्या वेळी मोठी जाहिरात आली की पहिला बळी याच पानाचा. मुख्य उपसंपादक लांबूनच दोन बोटांनी कात्रीची खूण करायचे. सुरुवातीला राग यायचा. पुढे लक्षात आलं, की या पानावर जे छापून येत नाही त्याची नोंद बहुधा कुठेच राहत नाही. विधानसभेत कोण काय बोललं त्याचं इतिवृत्त सरकार ठेवतं. न्यायालयाचे निकाल ग्रंथांतून निघतात. पण दादरच्या शिवाजी मंदिरात एका गुरुवारी रात्री एखाद्या नटीने दुसऱ्या अंकात काय केलं, हे त्या रात्रीच्या प्रेक्षकांबरोबर घरी जातं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं तर आलं.

मी १९९१ साली एका मराठी दैनिकात प्रूफरीडर म्हणून लागले. आमच्याकडे बँकेच्या परीक्षांचं वातावरण होतं. वडिलांची अपेक्षाही तीच. मात्र महाराष्ट्र सेवा संघाच्या वाचनालयात मला पहिल्यांदा नेलं ते त्यांनीच, तेव्हा दोष अर्धा त्यांचा. तेव्हा मजकूर कॉम्प्युटरवर जुळायचा, पण पान अजून हातानेच लागायचं. ब्रोमाइडवर निघालेल्या कॉलमच्या पट्ट्या कापायच्या, आखलेल्या कागदावर चिकटवायच्या, ओळी जास्त झाल्या तर खालून छाटायच्या. बातमीला हा नियम बरोबर आहे, कारण बातमीत महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली लिहितात. परीक्षणाचा मात्र त्याने घात होतो. परीक्षणात आधी कथानक येतं, मग नटांचा अभिनय, आणि शेवटच्या परिच्छेदात नेपथ्य, प्रकाश, संगीत. छाटलं जायचं नेमकं तेच. मराठी पेपरांतल्या परीक्षणांत प्रकाशयोजनाकाराची वर्षानुवर्षं एका ओळीत, 'यथायोग्य' म्हणून बोळवण का होत आली, त्याला लिहिणाऱ्यांचं अज्ञान कारण आहेच. पण ही कात्रीही आहे. मी पुढे परीक्षणं लिहू लागले तेव्हा मुद्दाम नेपथ्य दुसऱ्या परिच्छेदात घ्यायचे, म्हणजे छाटायची वेळ आली तर कथानक छाटलं जावं. वाचकाला कथानक थिएटरात कळतंच.

प्रूफरीडरची उपसंपादक झाले, उपसंपादकाची वार्ताहर. पगार बच्छावत वेतन मंडळाच्या शिफारशींप्रमाणे, म्हणजे १९८९च्या. नंतर मणिसाना आलं, २०११ साली मजिठिया आलं, त्याविरुद्ध मालक मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०१४मध्ये हरली. तोवर बहुतेक कचेऱ्यांत नवी माणसं कंत्राटावर भरती होऊन गेली होती. वेतन मंडळ जिंकलं तेव्हा त्याचा फायदा घेणारी माणसंच थोडी उरली होती. हे सांगायचं कारण, 'सांस्कृतिक पत्रकार व्हायचंय' म्हणून मुलंमुली भेटायला येतात. केळकर कॉलेजमधून तर हमखास. त्यांना पहिला प्रश्न मी घरभाड्याचा विचारते.

नाटकाचं परीक्षण कसं लिहितात, हा मुलांचा आवडता प्रश्न. कडेची खुर्ची मागून घ्यावी, फार पुढची नको. पहिल्या दोन रांगांतून नटांचे पाय धड दिसत नाहीत, आणि नट पायांनी बरंच काही बोलतो. अंधारात वहीवर लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढतात, दुसऱ्या दिवशी वाचता येत नाहीत. म्हणून मी एका पानावर एकच शब्द लिहिते. 'खुर्ची.' 'फोन.' 'पाठ.' घरी आल्यावर त्या 'पाठ'वरून आठवतं, की ऐन भांडणात ती बाई प्रेक्षकांकडे पाठ करून कपाटाशी उभी राहिली आणि तरी सगळं थिएटर तिच्याकडेच बघत होतं. मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा खावा, पण निर्मात्यापासून लांब उभं राहून. तो हातातला वडा तसाच ठेवून विचारतो, "काय, कसं चाललंय?" या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही आणि खोटं दिलं तर ते उद्या जाहिरातीत अवतरणचिन्हांत येतं.

रात्री साडेआठचा प्रयोग सव्वाअकराला सुटायचा. दादरहून स्लो गाडी, बायकांच्या डब्यात पेंगणारा पोलीस, दोन-तीन नर्सेस आणि मी. कुर्ल्यापर्यंत नाटकाचा राग किंवा आनंद निवू द्यायचा. घाटकोपरला विचार सुरू. विक्रोळी, कांजूर, भांडुप. नाहूर स्टेशन तेव्हा नव्हतं, त्यामुळे भांडुप ते मुलुंड हा टप्पा लांब मिळायचा आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा तिथेच सुचायचं. नाहूर झाल्यापासून माझी पहिली वाक्यं तुटक झाली, असं माझा नवरा म्हणतो.

या कामाला हलकं म्हणणाऱ्या आमच्या मुख्य उपसंपादकांना मी एकदा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची आठवण करून दिली होती. खाडिलकर 'केसरी'त टिळकांचे सहकारी, आणि त्याच माणसाने १९०७ साली 'कीचकवध' लिहिलं. महाभारतातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. सरकारलाही कळलं, १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. पुढच्याच वर्षी त्यांचं 'मानापमान' आलं, आणि १९२३च्या मार्चमध्ये त्यांनी 'नवाकाळ' काढला. अग्रलेख आणि नाटक, दोन्हींना एकच दौत. मराठीत हे पुढेही चालूच राहिलं. आचार्य अत्र्यांनी १९५३मध्ये 'श्यामची आई' केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तेच अत्रे १९५६च्या नोव्हेंबरात 'मराठा' दैनिक घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. विजय तेंडुलकरांची उमेदीची वर्षं वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेली. हे सगळं ऐकून साहेब म्हणाले, "बरं, आज सव्वादोनशे शब्द घे." एरवी दोनशे मिळायचे.

सिनेमाचंही तसंच. ३ मे १९१३ ही 'राजा हरिश्चंद्र'च्या प्रदर्शनाची तारीख शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्याआधी, २१ एप्रिलला, दादासाहेब फाळक्यांनी ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ लावला होता आणि त्यात वर्तमानपत्रांचे संपादक होते. म्हणजे आमचा प्रेस शो भारतीय कथापटापेक्षा बारा दिवसांनी मोठा.

परीक्षकांमध्ये माझ्या पिढीवर छाया होती ती माधव मनोहरांची आणि कमलाकर नाडकर्णींची. माधव मनोहर नाटक पाहून सांगायचे, की हे अमुक इंग्रजी नाटकावरून उचललंय, आणि लेखक महिनाभर तोंड लपवायचा. नाडकर्णी स्वतः रंगभूमीवर राबलेले, त्यामुळे विंगेतून काय दिसतं आणि खुर्चीतून काय दिसतं, दोन्ही त्यांना माहीत. त्यांना पेपरात जागा किती मिळायची, हे आज नव्या मुलांना कात्रण दाखवून पटवावं लागतं.

परीक्षणापेक्षा माझा जीव जास्त जडला तो नाटकांच्या जाहिरातींवर. मराठी पेपर वाचणाऱ्या घरात शनिवार-रविवारचं ते पान उलगडून कोण कुठे आहे ते पाहणं हा एक कार्यक्रमच असतो: नाटकाचं नाव, खाली 'शनि. दु. ४ गडकरी', 'रवि. रात्रौ ८.३० कालिदास', फोन बुकिंग. दीड-दोन इंचांची काळी-पांढरी जागा, आणि त्यात पाच-पन्नास नाटकं एकमेकांच्या शेजारी ओरडत असतात. त्या गर्दीत डोळा अडकावा म्हणून नाटकाचं नाव हाताने रेखायचं, त्या अक्षरांतच नाटकाचा स्वभाव उतरवायचा, ही कला कमल शेडग्यांनी कुठल्या कुठे नेली. टाइम्स समूहात नोकरी करत त्यांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा' अशा किती तरी नाटकांची अक्षरं घडवली. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर ताठ उभं राहायचं, फार्साचं अक्षर घसरून पडायच्या बेतात असायचं. नाटक न पाहिलेल्या माणसालाही ते कसं असेल याचा वास यायचा. अक्षर म्हणजे नाटकाचा पहिला नट, असं मी एका लेखात लिहिलं होतं. आमच्या डेस्कने ते वाक्य कापलं, म्हणून इथे वसूल करते.

शेडगे मुलुंडचे. ४ जुलै २०२० रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, मुलुंडलाच राहत्या घरी गेले. टाळेबंदीचे दिवस. मार्चपासून नाट्यगृहांना कुलपं होती आणि नाटकांच्या जाहिरातींचं पानच पेपरातून नाहीसं झालं होतं. ज्याने आयुष्यभर ते पान सजवलं त्याच्या जाण्याची बातमी आली, त्या आठवड्यात एकाही नाटकाची जाहिरात कुठल्या पेपरात नव्हती.

मृत्यूची बातमी हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्याबद्दल वाचकांना फार कल्पना नसते. मोठी माणसं थकली, की त्यांच्यावरचा लेख आधीच लिहून ठेवतात. त्यात निर्दयपणा काही नाही. रात्री साडेदहाला बातमी आली तर अकराला पान सोडायचं असतं, आणि साठ वर्षांचं काम अर्ध्या तासात आठवत नाही. १२ जून २००० रोजी पु. ल. गेले तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक पेपराकडे मजकूर तयार होता, कारण त्यांचं आजारपण सगळ्यांना माहीत होतं. ते लेख चांगले होते, पण बरेचसे एकसारखे. अभिनेत्री भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ला गेल्या, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात. वय पन्नाशीच्या जरासं पुढे. कुठल्याच कचेरीत काही लिहून ठेवलेलं नव्हतं, असणार तरी कसं? त्या संध्याकाळी मी डेस्कवर होते. ग्रंथालयातून त्यांच्या नावाचं पाकीट मागवलं. त्या काळी प्रत्येक पेपराच्या ग्रंथालयात नावानिशी कात्रणांची पाकिटं असत. आतून १९७५च्या 'ती फुलराणी'ची पिवळी पडलेली कात्रणं निघाली. एकाने लिहिलं होतं, की मंजुळेची चाल पहिल्या अंकात वेगळी आणि शेवटच्या अंकात वेगळी आहे. शिकलेली मंजुळा पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबते. मी तो प्रयोग पाहिलेला नाही, लहान होते. कुण्या परीक्षकाने ते थांबणं टिपलं आणि कात्रीतून ते वाचलं, म्हणून पंचवीसेक वर्षांनी मला ते लिहिता आलं. त्याच लेखात मी 'जाने भी दो यारो'मधली त्यांची संपादिका घेतली. १९८३चा सिनेमा, 'खबरदार' नावाच्या नियतकालिकाची ती संपादिका भ्रष्टाचार उघडकीला आणता आणता स्वतःच सौदा करायला बसते. पत्रकारांवर इतकी झोंबणारी भूमिका हिंदी पडद्यावर क्वचित झाली असेल. फोन लावून प्रतिक्रिया घेणं हा सगळ्यात अवघड भाग. पलीकडच्या माणसाला बातमी माहीत आहे की नाही, हे आधी त्याच्या 'हॅलो'वरून ओळखावं लागतं.

टीव्हीचं खातं माझ्याकडे आलं ते १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झाल्यानंतर. तोवर मराठी टीव्ही म्हणजे १९७२पासूनचं मुंबई दूरदर्शन. त्याची बातमी महिन्यातून एखादी. पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आलं आणि एकदम रोज बातम्या. ठाण्याला घोडबंदर रोडवर मालिकांचे बंगले उभे राहिले, तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांना वाटलं, मुलुंडची बाई आहे, तिलाच पाठवा. सेटवर पहिल्यांदा गेल्यावर कळतं ते असं, की श्रीमंत घराचा तो जिना कुठेच जात नाही आणि दिवाणखान्यातली सासूबाई शॉट संपला की जिन्याखाली बसून मुलाच्या शाळेत फोन करते. टीआरपीचे आकडे गुरुवारी यायचे, त्यामुळे गुरुवारी सेटवर जाऊ नये हे मी लवकर शिकले. २०१५पासून हे मोजमाप 'बार्क' ही संस्था करते: देशभरात काही हजार घरांत टीव्हीला यंत्र जोडायचं आणि त्यावरून कोट्यवधींचा अंदाज बांधायचा. २०२०मध्ये अशी घरं चाळीस हजारांच्या वर होती. आकडा पडला की कथेतला कुणीतरी अपघातात जातो, वर आला की परत येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात टीआरपी फुगवल्याच्या आरोपांचं प्रकरण मुंबई पोलिसांनी पुढे आणलं. वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबले ते थेट मार्च २०२२पर्यंत. माध्यमांबद्दल लिहिणं म्हणजे शेजाऱ्याबद्दल लिहिणं. उद्या त्याच्याच दारात नोकरी मागायला जावं लागेल, हे लिहिणाऱ्याच्या मनात असतं. म्हणून या विषयावर मराठीत जे लिहिलं जातं ते बेताचंच धारदार असतं. मी स्वतःला यातून वगळत नाही.

मुलाखती तर आता मुलाखती राहिल्याच नाहीत. हॉटेलच्या खोलीत सहा वार्ताहर, एक नट, दहा मिनिटं. दारातली पीआरची मुलगी गोड आवाजात सांगते, "मॅम, फक्त फिल्मबद्दल हं." सहाही जण तोच प्रश्न विचारतात आणि सहाही पेपरांत तेच उत्तर छापून येतं. त्यातही काही जागा विकत घेतलेल्या असतात. २००३ साली टाइम्स समूहाने 'मीडियानेट' काढून हा व्यवहार उघडपणे सुरू केला. बाकीच्यांनी गाजावाजा न करता. पुरवणीतला मजकूर बातमी आहे की जाहिरात, हे ओळखायची माझी साधी कसोटी आहे: त्यात कुणाबद्दल एकही उणा शब्द नसेल तर पैसे मोजलेले असावेत. तीनदा 'हटके' आला असेल तर नक्कीच.

सगळ्या नोकरीत बीट चालत माझ्या घराशी आलं ते एकदाच, जून २०१८मध्ये. ९८वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन मुलुंडला भरलं. अध्यक्ष कीर्ती शिलेदार. जयराम आणि जयमाला शिलेदारांची ही मुलगी, संगीत नाटक लहानपणापासून गळ्यात. मुक्काम पी. के. रोडवरचं महाकवी कालिदास नाट्यमंदिर. ही इमारत पालिकेच्या क्रीडा संकुलाला लागून आहे, शेजारीच तरणतलाव. त्यामुळे इथल्या दुपारच्या प्रयोगाला एका दाराने पैठण्या आत जात असतात आणि दुसऱ्या दाराने ओल्या केसांची पोरं बाहेर पडत असतात. त्या वेळी नाट्य परिषदेने टूम काढली, की सलग साठ तास कार्यक्रम करायचे. दिवसरात्र. पाऊस नुकताच सुरू झालेला. मला वाटलं होतं, रात्री दोनला थिएटरात वार्ताहर आणि दमलेले कार्यकर्ते उरतील. तसं झालं नाही. मध्यरात्रीनंतर आमच्या पूर्वेच्या बायका स्टेशनचा पूल ओलांडून, छत्र्या मिटत, डब्यात काहीबाही घेऊन येताना मी पाहिल्या. एकीने मला ओळखलं आणि विचारलं, "तुम्हाला रोज इतका उशीर होतो?" तिच्या आवाजात माझ्या नवऱ्याबद्दल सहानुभूती होती. पहाटे चारला वहीत मी लिहिलेला शब्द होता 'घोंगडी'. कुणीतरी ती पांघरून पाचव्या रांगेत जागं बसलं होतं. बातमीत घोंगडी आली नाही, अध्यक्षांचं भाषण आलं. पण मला ते संमेलन घोंगडीसकट आठवतं.

मग महामारी आली. एप्रिल २०२०मध्ये काही काळ पेपर घरपोच टाकायलाही मनाई होती. नाट्यगृहं उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. बऱ्याच पेपरांत सांस्कृतिक पुरवण्या त्या काळात गेल्या त्या परत आल्या नाहीत. मीही नोकरीतून बाहेर पडले आणि आता लागेल तसं लिहिते. नाटकं चालतात, थिएटरं भरतात, तिकिटं फोनवर निघतात. प्रेक्षक बाहेर पडताच दाराशी मोबाइल धरलेली मुलं विचारतात, "कसं वाटलं?" आणि तो म्हणतो, "मस्त! सगळ्यांनी बघा." ही प्रतिक्रिया खरी असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात कपाटाशी पाठ करून उभी राहिलेली बाई नसते.

गेल्या वर्षी विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीने मला विचारलं, अमुक प्रायोगिक नाटकाचे प्रयोग नव्वदच्या दशकात कुठे कुठे झाले? नाट्यसंस्था बंद पडलेली, दिग्दर्शक हयात नाही, संहिता छापलेली नाही. माझ्या माळ्यावर कात्रणांच्या फायली आहेत. घरातल्यांच्या मते रद्दी. त्यात त्या नाटकाच्या दोन जाहिराती निघाल्या, एका सिंगल कॉलम बातमीसह. तारीख, वेळ, थिएटर. बातमी माझीच, नाव न छापलेली, तेरा ओळींची. मुलीने फोटो काढून घेतले आणि विचारलं, "मॅम, परीक्षण नाही का मिळणार?" परीक्षण मी लिहिलं होतं. त्या दिवशी सोन्या-चांदीच्या दुकानाची पाऊण पान जाहिरात आली होती.